कर्करोग, प्रकाश आणि सोन्याचा कण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात उमरठ येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मी बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक. डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. मग या माणसाने कर्करोगासारख्या विषयावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, खेड्यातल्या शिक्षकाला केवळ क्रमिक पुस्तकातले प्रश्न विचारले जात नाहीत. कोणाचे पत्र वाचून दाखवायचे असते, कोणाचा रिपोर्ट वाचून द्यायचा असतो. ‘सोन्याच्या कणांनी आणि प्रकाशाने कर्करोग जळून जातो’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते, मोबाइलवरही फिरते. मग पालक विचारतात, ‘सर, हे खरे आहे का? हा इलाज कुठे मिळतो? किती पैसे लागतात?’ ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याचा हा प्रश्न कुतूहलाचा नसतो. म्हणून या प्रश्नाला, जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढ्याच्या आधारे, सविस्तर उत्तर द्यावे असे मी ठरविले.

प्रथम रोग काय आहे ते पाहू. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. पेशी जुनी होते, मरते आणि तिची जागा नवी घेते. हे काम शिस्तीने चालते. एखादी पेशी ही शिस्त मोडते आणि मनमानी वाढू लागते. तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच निघतात. त्यांची गाठ बनते. पुढे त्यातल्या काही पेशी रक्तावाटे वा रसवाहिन्यांवाटे दुसरीकडे जाऊन तेथे ठाण मांडतात. गाठ एका जागी आहे तोवर ती काढता येते, जाळता येते. ती पसरली की काम फार अवघड होते. हे एक वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण मला आज जे सांगायचे आहे ते सारे या वाक्यावर उभे आहे.

आता उष्णतेकडे वळू. आपल्या भागात पावसाळ्यापूर्वी राब भाजतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे त्यावर शेण, कवळ, पाला, गवत असे थर पसरून आपण तेवढीच जमीन भाजतो. तणाचे बी जळते आणि रोप चांगले येते. पण त्यासाठी शेतकरी किती जपतो! वारा पडलेला पाहतो, कडेचे गवत साफ करतो. कारण आग बांधाच्या आत राहिली तर तो राब, आणि बांधाबाहेर गेली तर वणवा.

उष्णतेने कर्करोग बरा करण्याची खटपट करणाऱ्या वैद्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. उष्णतेने पेशी मरते हे जुनेच ज्ञान आहे. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ४२-४३ अंशांवर नेऊन बराच वेळ टिकविले तर पेशी खचू लागतात. ५० अंशांच्या वर तर काही मिनिटांतच पेशीतील प्रथिने घट्ट होतात. अंड्याचा पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसाच हा प्रकार. परंतु उष्णतेला आपपर कळत नाही. गाठ भाजायला जावे तर शेजारचे निरोगी मांसही भाजते. तेव्हा प्रश्न उरला तो असा की, शरीराच्या आत राब कसा भाजावा? म्हणजे आग बांधाच्या आत कशी ठेवावी?

या प्रश्नाचे एक उत्तर प्रकाशाने दिले. प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पनाही नवी नाही. डेन्मार्कमध्ये काम करणारे नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचा रोग कातडीवर होता. शरीराच्या आत प्रकाश जातो का?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर तुम्ही आज रात्री घरी काढू शकता. अंधाऱ्या खोलीत बॅटरी पेटवा आणि तिच्या काचेवर हाताची बोटे घट्ट धरा. बोटे तांबडी उजळलेली दिसतील. बॅटरीच्या उजेडात सगळे रंग असतात, पण निळा आणि हिरवा रंग आपले रक्त व मांस शोषून घेते, आणि तांबडा तेवढा पलीकडे निघतो. तांबड्याच्याही पुढचे, डोळ्याला न दिसणारे किरण असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. त्यांपैकी तांबड्याला लागून असलेले किरण, म्हणजे साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, मांसातून आणखी बऱ्या जातात आणि जाताना फारसे भाजत नाहीत. निसर्गाने आपल्या शरीराला ठेवलेली ही जणू एक खिडकीच आहे.

नॅनोमीटर हा शब्द आला, त्याचा अर्थ सांगतो. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. यावरून कल्पना करा.

खिडकी सापडली, पण तिच्यातून आत गेलेला प्रकाश मांसाला भाजत नाही, मग गाठीला तरी कसा भाजणार? तेथे असे काहीतरी आधी नेऊन ठेवले पाहिजे की जे हा प्रकाश पिऊन घेईल आणि तापेल. उन्हात पांढरा सदरा आणि काळा सदरा शेजारी वाळत घाला. ऊन दोघांवर सारखेच पडते, पण काळा अधिक तापतो. आपल्याला गाठीच्या आत असा ‘काळा सदरा’ हवा आहे. तो सापडला सोन्यात.

सोने पिवळे असते हे सोनारापासून शेंबड्या पोरापर्यंत सर्वांना माहीत आहे. परंतु सोन्याचे फार बारीक कण, म्हणजे वीसएक नॅनोमीटरचे, पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. या लाल सोन्याचा पद्धतशीर अभ्यास मायकेल फॅरडे यांनी केला आणि १८५७ साली लंडनमध्ये तो मांडला. हे फॅरडे लोहाराचे पुत्र होते आणि लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असत. बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता ते शास्त्रज्ञ झाले. परिस्थितीचे कारण सांगून अभ्यास टाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

सोन्याचा रंग का बदलतो? सोन्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. कण फार लहान असला की प्रकाशाची लहर त्या सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकदम मागेपुढे हलविते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला भलत्याच वेळी धक्का दिला तर झोका चढत नाही, पण त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. तसेच येथे होते. कणाच्या लयीशी जुळणारा जो रंग असेल तेवढाच प्रकाश कण शोषून घेतो. ती शक्ती पुढे उष्णता होऊन बाहेर पडते आणि आजूबाजूचा भाग तापतो. मौजेची गोष्ट ही की, ही लय बदलता येते. भरीव कणाऐवजी दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचा पातळ थर चढविला, तर त्याची लय तांबड्याच्या पलीकडे, म्हणजे नेमकी आपल्या त्या खिडकीतल्या किरणांशी जुळविता येते.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण कर्करोगावर वापरून पाहिले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या कणाच्या आत सिलिका, म्हणजे वाळूच्या आणि काचेच्या जातीचा पदार्थ होता आणि वरून सोन्याचे कवच. ज्या पेशींत कण होते त्या किरणांनी मेल्या. कणांवाचून नुसत्या किरणांनी काही झाले नाही, आणि किरणांवाचून नुसत्या कणांनीही काही झाले नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच काम झाले.

येथे क्षणभर थांबून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सोन्याचा कण हे स्वतः औषध नाही. तो केवळ प्रकाश झेलणारा आहे. म्हणून कोणी ‘शास्त्रज्ञांनी सोन्याने कर्करोग बरा केला’ अशी बातमी दाखवून तुम्हाला सोन्याचे भस्म, कुश्ता किंवा ‘नॅनो सोन्याचे’ थेंब विकू लागला, तर तो त्या बातमीचा अर्धा भाग लपवीत आहे असे खुशाल समजा. पोटात गेलेल्या सोन्यावर कोणी प्रकाश टाकीत नाही.

आता कण गाठीपर्यंत पोहोचतो कसा? गाठ घाईघाईने वाढते, आणि आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्याही घाईघाईने तयार करविते. घाईचे बांधकाम जसे असते तशाच त्या असतात. त्यांच्या भिंतींना फटी राहतात. शंभर-दीडशे नॅनोमीटरचे कण निरोगी रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाहीत, पण या फटींतून झिरपतात आणि गाठीत अडकून राहतात. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा या शास्त्रज्ञांनी १९८६ साली ही गोष्ट जगापुढे मांडली.

ऐकायला हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतील अशा प्रयोगांचा हिशेब करून २०१६ साली सांगितले की, शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा भाग सर्वसाधारणपणे शेकडा ०.७ एवढाच असतो. म्हणजे शंभरातला एकही पुरता नाही. बाकीचे कण बहुतांशी यकृत आणि प्लीहा यांत जाऊन बसतात. तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला. गाठ जळाल्यावर अंगात राहिलेल्या या सोन्याचे काय? पाहुणा काम करून गेला पाहिजे. तो घरातच मुक्काम ठोकून राहिला तर वर्षा-दोन वर्षांनी काय करील, याची चिंता वैद्याला करावीच लागते.

आणि बंधू-भगिनींनो, या प्रश्नावर झालेले एक महत्त्वाचे काम परदेशातले नाही. ते आपल्या मुंबईचे आणि आपल्याच रायगड जिल्ह्याचे आहे.

पोलादपुराहून महामार्गाने महाड, माणगाव, पेण करीत पनवेलला गेले की पुढे खारघर लागते. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तेथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिला ॲक्ट्रेक म्हणतात. परळचे टाटा रुग्णालय तर आपणा सर्वांच्या परिचयाचे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ साली केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. त्याच केंद्राचे संशोधनाचे मोठे अंग २००२ पासून खारघरला आहे.

पवईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमधील डॉ. अभिजित डे यांच्या गटांनी मिळून असा सोन्याचा कण तयार करण्याचे ठरविले की जो काम झाल्यावर अंगात मोडून पडेल. त्यासाठी त्यांनी आत सिलिका न घेता लायपोसोम घेतला. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाची अतिसूक्ष्म पोकळ गोळी. आपल्या पेशींचे आवरण ज्या जातीच्या पदार्थाचे असते त्याच जातीची ती असते, त्यामुळे ती शरीराला परकी वाटत नाही आणि विरघळतेही. या गोळीवर त्यांनी सोने चढविले. ईदच्या मिठाईवर आपण वर्ख लावतो ना, तसेच. मिठाई खाल्ली की वर्ख आपोआप तुटतो. येथेही आतली गोळी विरघळली की सोन्याचे आवरण मोडून अगदी बारीक कण उरतात.

हे काम २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंदरांवर केलेल्या या प्रयोगांत त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक म्हणजे, हे कण यकृताच्या पेशींत मोडतात आणि पित्तावाटे व मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जातात. दुसरी म्हणजे, ७५० नॅनोमीटरचा लेसर किरण टाकल्यावर उंदरांच्या अंगावरील कर्करोगाची गाठ पूर्ण नाहीशी झाली आणि ते उंदीर रोगावाचून अधिक काळ जगले.

या निबंधावर सात जणांची नावे आहेत. अरविंद कुमार रेंगन, अमिरअली बुखारी, अर्पण प्रधान, रेणू मल्होत्रा, रिंटी बॅनर्जी, रोहित श्रीवास्तव आणि अभिजित डे. मी ही नावे मुद्दाम वाचून दाखविली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली, वेगवेगळ्या घरांतली ही माणसे एका टेबलाभोवती बसली तेव्हा हा कण तयार झाला. त्यात अभियंते आहेत आणि जीवशास्त्राचे अभ्यासकही आहेत. प्राध्यापक श्रीवास्तव यांना पुढे २०२१ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक वैद्यकशास्त्रासाठी मिळाले.

माणसांवर हा उपचार झाला आहे काय? झाला आहे, पण थोड्या लोकांवर. अमेरिकेत सिलिका आणि सोन्याचे ते पहिले कण पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर वापरून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ रुग्ण होते. कण शिरेतून देऊन दुसऱ्या दिवशी बारीक तंतूवाटे लेसर ग्रंथीत नेला. १६ पैकी १५ जणांवर ही क्रिया पूर्ण पार पडली आणि नंतर त्यांच्या लघवीच्या क्रियेत लक्षणीय बिघाड झाला नाही. ही बातमी आशेची आहे. परंतु सोळा माणसे म्हणजे सोळाच. शिवाय ते सारे रुग्ण असे होते की ज्यांची गाठ अजून त्या ग्रंथीतच होती, बाहेर पसरलेली नव्हती.

म्हणून ‘हा इलाज कुठे मिळतो?’ या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, तत्त्व खरे आहे, प्रयोग खरे आहेत, पण हा आपल्याकडे रुग्णालयात नेहमी मिळणारा उपचार नाही. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते. उंदराची गाठ कातडीखाली असते, माणसाची पोटात खोल असू शकते. खिडकीतला प्रकाशही मांसात फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत उपयोगी पडतो. त्याच्या पुढे तंतू आत घालावा लागतो. कोणी ‘आमच्याकडे सोन्याच्या किरणांनी कर्करोग बरा होतो, एवढे लाख भरा’ असे म्हणाला तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी टाटाच्या डॉक्टरांना विचारा. अशा नव्या उपचाराची अधिकृत चाचणी चालू असेल तर तिथले डॉक्टर ते सांगतील, तिचे फायदे-धोके समजावून सांगतील आणि तुमची लेखी संमती घेतील. घाईने पैसे मागणारा माणूस यातले काही करणार नाही.

मग काही पालक म्हणतील, ‘सर, उपचार आज मिळतच नाही तर एवढा वेळ का घेतलात?’ कारण या विज्ञानाने जो धडा दिला आहे तो मात्र आजच लागू आहे. सोन्याचा कण असो, शल्यवैद्याची सुरी असो वा विद्युतकिरण असोत, या सर्व उपचारांना एक अट सारखीच आहे. गाठ लहान पाहिजे आणि एका जागी पाहिजे. राब एका तुकड्यात भाजता येतो. डोंगरभर पसरलेले तण राबाच्या आगीने भाजता येत नाही. ज्या दिवशी हा सोनेरी उपचार सर्वांना मिळू लागेल त्या दिवशीही तो उशिरा आलेल्या रुग्णापुढे हतबल असेल. नवे संशोधन आपल्याला उशीर करण्याची सवलत देत नाही.

आणि उशीर ही आपली जुनी खोड आहे. आपल्या घराघरांतले चित्र आठवा. तोंडात जखम झाली तर ‘दाढ लागली असेल’ म्हणून सोडून देतो. स्त्रीच्या छातीत गाठ लागली तर ती लाजेने महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. सांगितलेच तर आधी बहिणीला, मग खालाला, मग झाडपाल्याच्या औषधाला. मुलगा आखातात असतो, त्याला काळजी नको म्हणून फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगतात. आणि सर्वांत नेहमीचे वाक्य म्हणजे, ‘एवढा मुलीचा निकाह होऊ दे, मग दवाखान्याचे बघू.’ निकाह होतो, पाहुणे जातात, आणि मग परळच्या रांगेत उभे राहतो तेव्हा गाठ बांधाबाहेर गेलेली असते.

आपण ज्या उमरठात बसलो आहोत तेथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. १६७० साली पोराचे लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले, ही गोष्ट येथल्या लहान मुलालाही पाठ आहे. अगोदरचे काम कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. घरातल्या आजारी बाईच्या बाबतीत आपण एवढे एक केले तरी पुष्कळ झाले. दुवा तर करावीच, ती कोणी अडवीत नाही. पण दवा वेळेवर करावी.

रोग लवकर ओळखायला सोन्याचे कण लागत नाहीत. कधी कधी स्वयंपाकघरातला सिरका पुरतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून एक मोठा प्रयोग झाला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी एका गटाच्या गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य सिरक्याचे पाणी लावून तपासणी केली. बिघडलेला भाग सिरक्याने पांढरा दिसतो. २०१३ साली निष्कर्ष आला, तो असा की, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले. आणि ही तपासणी कोणी केली? मोठ्या डॉक्टरांनी नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास शिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रियांनी. आपल्या मुलींना दहावीपर्यंत तरी का शिकवावे, याचे याहून चांगले उत्तर मजजवळ नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती अशी आहे की, काही खुणा घरात सर्वांना माहीत असू द्या. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, गिळताना त्रास होऊ लागला, आवाज बसला तो सुटेना, छातीत वा मानेत गाठ लागली, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर वाट पाहू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण ते ठरविण्याचे काम शेजारणीचे नाही, डॉक्टरांचे आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. त्यांनी पुढे पाठविले तर पुढे जा. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, त्याची चौकशी करा. टाटा रुग्णालयातही गरीब रुग्णांना मदत करणारा समाजसेवा विभाग आहे.

तंबाखूविषयी बोललो नाही तर हे व्याख्यान अपुरे राहील. पुरुष तंबाखू मळतात, बायका मिसरी लावतात, आणि मिसरी म्हणजे दात घासण्याची साधी पूड अशी आपली समजूत आहे. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी तो मुलांच्या हाती दिसतो. जगातले उत्तमातले उत्तम संशोधन गाठ जाळू शकेल, पण जी गाठ झालीच नाही तिला जाळण्याची गरज पडत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. तुम्ही मला नेहमी विचारता, ‘सर, प्रकाशाचा धडा, अणूचा धडा, पेशीचा धडा, याचा पुढे उपयोग काय?’ आज तुम्ही पाहिले की एका सूक्ष्म कणात हे तिन्ही धडे एकत्र आले. प्रकाशाची लहर भौतिकशास्त्राने सांगितली, सोन्याचा थर रसायनशास्त्राने चढविला, पेशी जीवशास्त्राने ओळखली. त्यातला प्रत्येक धडा तुमच्या दप्तरात आहे. पाठ करून परीक्षेनंतर विसरण्यासाठी तो नाही. बॅटरी बोटांवर धरून आज रात्री पाहा आणि तांबडाच रंग का, हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून उद्या मला दाखवा.

आणि सर्वांनीच शास्त्रज्ञ झाले पाहिजे असे नाही. कर्करोगाच्या कामाला परिचारिका लागतात, प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ लागतात, किरणोपचाराचे यंत्र चालविणारे लागतात, घाबरलेल्या रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारे समाजसेवक लागतात. मुंबईला किंवा आखातात नोकरीसाठी जाणे वाईट नाही, त्यावर आपली कित्येक घरे उभी आहेत. पण जाताना हातात नुसता पासपोर्ट नसावा, एखादी विद्याही असावी. खारघर आपल्या जिल्ह्यात आहे. आजवर आपण तेथे रुग्ण घेऊन गेलो. उद्या आपल्यातले कोणी तेथे काम करायला जावे, एवढी इच्छा मी शिक्षक म्हणून बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.



जय हिंद! जय महाराष्ट्र!